आबांचा उजवा हात

उचगाव
२० जून २००५

दादा,

जयभीम घे. फोन सोडून पत्र कशाला, असं वाटलं असेल तुला. फोन सोप्यात आहे, सोप्यात आबांची कॉट आहे आणि कॉटच्या पायथ्याशी आई. तिथून काय बोलणार, कपाळ? म्हणून शाळेत मधल्या सुट्टीत लिहायला बसले आहे. माझ्या वर्गातली पोरं गडमुडशिंगीची आहेत, ओरडण्यात एकाहून एक सरस. अक्षर हललं तर समजून घे.

मार्चमध्ये आबांना झटका आला तेव्हा तू येऊन गेलास. त्यानंतरचं सांगते. उजवा हात तसाच लोंबकळतो आहे. पाय जरा सुधारला, काठी धरून दारापर्यंत जातात. डोकं लख्ख आहे, सगळं कळतं, पण तोंडातून दोन-चारच शब्द बाहेर पडतात. 'व्हय', 'न्हाय', 'थांब', आणि आईला मारायची हाक, 'आगं'. पंखा जोरात झाला तरी 'थांब', भात जास्त पडला तरी 'थांब'. फौंड्रीत भट्टीसमोर आयुष्यभर आवाज चढवून बोललेला माणूस, आणि आता हे. डॉक्टर म्हणतात, शब्द येतील हळूहळू.

पण पत्र आबांसाठी नाही, आईसाठी आहे. आई गात नाही, दादा. तुला सांगायला नको की आपल्या वस्तीत जयंती असो, हळद असो, सोनूबाईचा आवाज आणि गणपतीची, आपल्या आबांची, ढोलकी ठरलेली. तू तर माझ्या आईला मोठी आई म्हणत त्या दोघांच्या मधे गोधडी टाकून झोपायचास. बुद्धपौर्णिमेला विहारातल्या बायका आल्या, त्यांचं मंडळ चालवणारी आक्का पुढं. त्यांनी मंगळवार पेठेतल्या ज्ञानूला आणलं होतं ढोलकीला. ऑर्केस्ट्रात वाजवतो, हात चांगला आहे. आईनं निम्मं गाणं म्हटलं आणि उठून सरळ स्वयंपाकघरात गेली. मी मागं गेले तर एवढंच म्हणाली, "त्यो वाजवतोय चांगलं, पर माझ्याकडं बघत न्हाय."

त्या दिवसापासून चुलीपुढंसुद्धा गुणगुणणं बंद. जेवते उभ्या उभ्या, बोलते कामापुरतं. आबा आजारी आहेत हे दिसतं तरी, हिचं दिसतही नाही. मला खरंच भीती वाटते.

तू त्या पुण्याच्या स्टुडिओत रोज आवाज कापतोस, जोडतोस. आपल्याकडच्या जुन्या कॅसेटांतून आबांची ढोलकी तेवढी वेगळी काढता येईल का? सात फेब्रुवारीला रमाई जयंती. आईनं स्वतः रचलेलं रमाईचं गाणं तिनं त्या दिवशी म्हणावं, एवढंच मला हवं आहे. कॅसेटा या पत्राबरोबर पार्सलनं पाठवते आहे. आईला यातलं काही माहीत नाही, तेव्हा उत्तर शाळेच्या पत्त्यावर धाड. घरी धाडलंस तर बघ.

साक्षी


पुणे
३ जुलै २००५

साक्षी,

तुझं पार्सल मिळालं. स्टुडिओ बंद झाल्यावर कॅसेटा ऐकायला बसलो आणि पहिल्या कॅसेटला कामच सोडून दिलं. मोठी आई काय गायची गं!

गाणं आणि ढोलकी एकत्र रेकॉर्ड झालेलं असलं की ती वेगळी काढता येत नाहीत. कालवणातलं मीठ काढून दे म्हटल्यासारखं आहे ते. पण धोंडुबाईच्या लेकीच्या हळदीच्या कॅसेटमध्ये एक जागा सापडली. मोठी आई पाणी प्यायला उठली आहे, बायका गप्पा मारताहेत, आणि आबा एकटेच आपल्या तंद्रीत वाजवत बसलेत. तेवढं मला पुरे आहे. त्यातला एक फेरा कापून घ्यायचा आणि शेवट सुरुवातीला जोडायचा. जात्यासारखं, फिरून फिरून त्याच जागी. याला आमच्यात लूप म्हणतात. गाणं कितीही लांबलं तरी ढोलकी संपत नाही.

अडचण एवढीच की लूप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला लय आधी सांगावी लागते आणि मग ते त्या लयीवरून तसूभर हलत नाही. कॅसेटची फीत ताणलेली, आबांचा हातही घड्याळासारखा नाही, मधेच रेंगाळतो. त्यामुळं एकेक थाप उचलून रेघेवर बसवतो आहे. लूप एकदा टेम्पोला नीट बसला की लगेच पाठवतो. टेम्पो पुढंमागं झाला तर काळजी करू नका, मी बघून घेतो.

आबांना जयभीम सांग. नको, सांगू नकोस, मग मोठी आई विचारेल कुठनं आला म्हणून.

धम्मपाल


उचगाव
१७ जुलै २००५

धम्मपालदादा, शहाण्या,

शाळेच्या पत्त्यावर म्हटलं होतं ना? तुझं पत्र थेट घरी आलं आणि पोस्टमननं ते आईच्या हातात दिलं. आई सातवी पास आहे हे विसरलास वाटतं. तिनं फोडलं, वाचलं, पदराच्या गाठीला बांधलं आणि मला चकार शब्द सांगितला नाही.

मला कळलं ते कसं, तर परवा शाळेतून येताना बघते तो आई हायवेवर, उचगावच्या फाट्यावर उभी. उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. म्हटलं इथं काय करतेस? म्हणाली, "धम्मपालनं पुण्यासनं टेम्पो लावलाय. मागं-फुडं हुईल म्हणलाय. डायवरला घर घावायचं न्हाय, म्हणून थांबलोया." मी म्हटलं, टेम्पोत काय येणार आहे? तर म्हणे, "लूप बसवून धाडतोय. जात्यासारखा हाय म्हणं, लई जड आसंल, न्हायतर यस्टीनं आणला आसता की त्यानं."

दादा, मी फाट्यावर पोट धरून हसले. रिक्षावाले बघायला लागले. मग तिला तिथंच, उसाच्या रसाच्या गाड्यावर बसवून समजावलं की टेम्पो म्हणजे लय, आणि लूप म्हणजे आबांची ढोलकी. ती हसली नाही. ग्लासातला बर्फ हलवत राहिली. मग विचारलं, "म्हंजे त्येंचा उजवा हात हाय त्यात?"

मी हो म्हटलं. ती उठली आणि घरापर्यंत माझ्या पुढं चालली. त्या दिवशी तिनं ढोलकीवरची खोळ काढून उन्हात टाकली. बस्स, एवढंच. पण पाठव आता लवकर.

साक्षी


पुणे
२१ ऑगस्ट २००५

साक्षी,

सोबत सीडी आहे. व्हीसीडी प्लेअरवर चालेल. टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवू नका. आधी नुसती ढोलकी येईल, मग मोठ्या आईनं सुरू करायचं. लय तिच्या रमाईच्या गाण्याचीच ठेवली आहे, जुन्या कॅसेटवरून मोजून. एक थापही इकडची तिकडं होणार नाही, छातीवर हात ठेवून सांगतो.

लिहायला वेळ नाही, बाहेर गायक खोळंबला आहे. आबांचा चेहरा कसा झाला ते मात्र नक्की कळव.

धम्मपाल


उचगाव
७ सप्टेंबर २००५

दादा,

आबांचा चेहरा कसा झाला ते कळव म्हणालास. कळवते.

रविवारी दुपारी लावली सीडी. पहिली थाप पडली आणि आबांनी मान वर केली. स्वतःचा हात ऐकत होते. डोळे मोठे झाले, ओठ हलले. आई चटईवर बसली, पदर सावरला आणि चक्क सुरू केलं. तिचा आवाज घरात परत आला तेव्हा मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू. पहिलं कडवं झालं. त्याच्या शेवटाला ती 'रमा' म्हणून सूर लांबवते ना, आणि मग 'आई रमाई' या ध्रुपदावर येते, तिथं ती आली आणि अडखळली. ढोलकी पुढं निघून गेली होती. तिनं पुन्हा पकडलं. दुसऱ्या कडव्याला परत तसंच. आणि आबा ओरडले, "थांब!"

मी दचकले. आई गातच होती. पुन्हा, आणखी जोरात, "थांब! थांब!" डावा हात कॉटवर आपटत होते. तोंड लाल, डोळ्यांत पाणी. मी धावत जाऊन प्लेअर बंद केला. त्यावर तर ते आणखीच चिडले, भिंतीकडं तोंड करून पडून राहिले, चहासुद्धा घेतला नाही.

पुढच्या रविवारी आईनं पुन्हा लावून बघितलं. पुन्हा तेच. आता आई म्हणते, "नगं बाई. स्वताचा हात आसा डबड्यातनं ऐकून त्येंच्या जिवाला लागतंय. मला काय गायाचं हाय न्हाय गायाचं, त्येंच्यापरास म्होटं न्हाय."

आपण चुकलो रे. आपल्याला वाटलं, ढोलकी परत आणतोय. ज्याचा हात गेला त्याला त्याचाच हात ऐकवला आपण. राग तुझ्यावर नाही. तरी तुझ्यावरच काढते आहे, कारण दुसरं कोण आहे मला?

साक्षी


पुणे
१८ सप्टेंबर २००५

साक्षी,

तुझं पत्र वाचून काम सुचेना. खरंच वाईट वाटलं. आबांना त्रास व्हावा असं माझ्या मनात तरी येईल का?

रागावू नकोस, एक विनंती करतो. फक्त एकदाच सीडी लाव आणि जुन्या टेपरेकॉर्डरवर सगळं रेकॉर्ड करून पाठव. ढोलकी, मोठी आई, सगळं. ती ध्रुपदावर येताना कुठं निसटते ते मला कळायला हवं. आबा अंगणात असतील तेव्हा केलंस तरी चालेल. ते झालं की मी पुन्हा हा विषय काढणार नाही.

धम्मपाल


उचगाव
९ ऑक्टोबर २००५

दादा,

कॅसेट पाठवते आहे. आबा अंगणातच होते, पण ढोलकी ऐकून काठी टेकत आत आले. पुढचं तूच ऐक, मला लिहायचं नाही.

आक्काला सांगून टाकलं आहे की फेब्रुवारीत दुसरं कुणीतरी बघा. सीडी कपाटात वर ठेवली आहे. तुझी खटपट वाया गेली, पण तू केलीस हे आई विसरायची नाही. दिवाळीच्या सुट्टीत ये. या विषयावर नको बोलूया. गवारीची भाजी करीन, तुला आवडते ती.

साक्षी


पुणे
२० नोव्हेंबर २००५

साक्षी,

सुट्टीत आलो नाही म्हणून फुगली असशील. आलो नाही कारण तुझी ती कॅसेट मी ऐकलीच नव्हती. धीर होत नव्हता. आबांचं ओरडणं कानावर घ्यायचं म्हणजे… बॅगेत तशीच घेऊन फिरत होतो. गेल्या आठवड्यात एक रेकॉर्डिंग रद्द झालं, दुपार मोकळी मिळाली, तेव्हा कॉम्प्युटरवर लावली. वरती तुमची कॅसेट, खाली माझा लूप. आवाजाच्या रेघा एकाखाली एक दिसतात.

आता नीट वाच. घाईनं वाचू नकोस.

ज्याला ढोलकी ऐकवत नाही, तो पहिल्या थापेलाच 'थांब' म्हणेल. आबा पहिल्या थापेला गप्प आहेत. कडवं चालू असतानाही गप्प आहेत. उलट मागं कुणीतरी काठीनं ठेका धरलाय जमिनीवर, तो त्यांचाच असणार. 'थांब' येतं ते फक्त एका जागी, प्रत्येक कडव्याला त्याच जागी. मोठी आई 'रमा' लांबवते, श्वास घेते, आणि ती ध्रुपदावर यायच्या आत माझा लूप पुढचा फेरा सुरू करतो. नेमकं तिथं आबा ओरडतात.

मग मी जुन्या कॅसेटा पुन्हा काढल्या. या गाण्यात त्या जागी आबांचा हात दरवेळी थांबलेला आहे. कधी थोडा, कधी जास्त, तिचा श्वास असेल तेवढा. ती 'आई रमाई' म्हणून आली की थाप तिच्या अक्षरावर पडते. लय मोजताना ही जागा मला दिसली होती. मला वाटलं, फीत ताणली असेल. मी ती सरळ करून टाकली.

ते तुला बंद कर म्हणत नव्हते गं. मोठ्या आईलाही नाही. ते ढोलकीला सांगत होते. तिच्यासाठी थांब, एवढंच. आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे, आणि त्यांच्याकडं तेवढाच उरलाय.

माझी खात्री आहे. पण मी पुण्यात बसून सांगतोय. तू घरात आहेस, तू विचार.

धम्मपाल


उचगाव
४ डिसेंबर २००५

दादा,

आधी मला तुझा रागच आला. म्हटलं, हा पुण्यात बसून रेघा बघतो आणि मला माझ्या बापाचं बोलणं समजावतो. पत्र डब्याच्या पिशवीत कोंबलं आणि दोन दिवस काढलं नाही.

मग रविवारी काढली सीडी. आई परड्यात धुणं वाळत घालत होती. लावली आणि आबांच्या कॉटवर जाऊन बसले. ढोलकी सुरू झाली, मी आईचं गाणं हळू म्हणायला लागले. माझा आवाज तुला ठाऊक आहे. श्वासाची जागा आली. "थांब!" मी विचारलं, "आबा, बंद करू?" ते म्हणाले, "न्हाय." "मग मला थांब म्हणताय?" "न्हाय." "मग कुणाला?" दादा, त्यांनी डावा हात उचलला आणि बोट टीव्हीखालच्या प्लेअरकडं केलं. मग तेच बोट परड्याच्या दाराकडं नेलं. दारात आई उभी होती, हातात ओला टॉवेल.

ती बघत राहिली त्यांच्याकडं. "आवं, ढोलकीला म्हणत हुता व्हय? माझ्यापायी थांब म्हणून?"

"व्हय," आबा म्हणाले. "व्हय, व्हय, व्हय."

"मग इतकं दिस बोलला का न्हाईसा?" आई म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो ते कळल्यावर तोंडावर टॉवेल धरून हसायला लागली. आबाही हसले, वाकड्या तोंडानं. मग दोघं रडले. मी प्लेअर बंद करायलासुद्धा उठले नाही, ढोलकी आपली वाजतच होती मागं.

मी तीनदा त्यांचं तोंड बंद केलं रे. त्यांना वाटलं असेल, लेकीलाही कळत नाही. त्यांना सांगितलं तसं. त्यांनी माझी वेणी ओढली, लहानपणी ओढायचे तशी.

आक्काकडं जाऊन आले. फेब्रुवारीत सोनूबाईच गाणार आहे. आता तुझ्या मशीनला थांबायला शिकव. आईचा निरोप आहे, शब्दाला शब्द लिहिते: "त्येला म्हणावं, घाई कशाची हाय एवढी त्या मशिनला? कुणाची गाडी चुकतीया?"

साक्षी


पुणे
८ जानेवारी २००६

साक्षी,

मोठ्या आईला सांग, मशीनला शिकवलं. शिकवलं म्हणण्यापेक्षा त्याची खोड मोडली.

आजवर मी उलटं करत होतो. लय मशीनची, माणसानं तिच्यामागून जायचं. सगळा स्टुडिओ तसाच चालतो. आता लूपचे तुकडे केलेत. एक तुकडा वाजला की मशीन गप्प बसून इशाऱ्याची वाट बघतं. इशारा आला की पुढचा तुकडा. इशारे भराभर आले तर तुकडे आखडून घेतं, सावकाश आले तर ताणून घेतं. इशारा आलाच नाही तर नुसतं बसून राहतं. पाव्हण्यासारखं, वाढल्याशिवाय हात लावत नाही.

इशारा कुणी द्यायचा? आधी म्हटलं, आबांनी कीबोर्डचं बटण दाबावं. मग माझं मलाच हसू आलं. आबांनी बटण दाबायचं? ढोलकीला दोन बाजू असतात. उजवी शाईची, टणटणीत, ती त्यांच्याकडून गेली. डावी घुमणारी, ती अजून त्यांची आहे. डावा हात शाबूत आहे ना? मग ढोलकीच्या डाव्या तोंडाला आतून एक बारीक माईक चिकटवायचा. आबांनी डाव्या हातानं घुमारा दिला की तोच इशारा. मशीन त्या थापेला कॅसेटमधल्या उजव्या हाताची थाप जोडेल. डावा हात आजचा, उजवा हात हळदीचा. आबा थांबले की दोन्ही थांबतील.

सव्वीस जानेवारीच्या सुट्टीत जुना कॉम्प्युटर घेऊन येतो. यावेळी खरंच टेम्पोनं. मोठ्या आईला म्हणावं, फाट्यावर थांबायला हरकत नाही.

धम्मपाल


उचगाव
९ फेब्रुवारी २००६

दादा,

सात तारखेला तुला सुट्टी मिळाली नाही म्हणून तुझ्या मालकाला मी चार शिव्या घातल्या आहेत. त्या पोचल्या असतील. आता सगळं सांगते.

तू गेल्यावर रोज तालीम झाली. पहिले दिवस आबा चिडायचे. घुमारा हलका पडला तर मशीनला ऐकू जायचं नाही, आणि यांना वाटायचं की उजवा हात रुसला. पण जमलं. आई चुलीपुढं गुणगुणायला लागली. एकदा मला रागावताना तिचा आवाज वरच्या पट्टीत गेला, तेव्हा मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

कार्यक्रम दुपारी होता, विहारासमोरच्या मांडवात. आक्कानं कॉम्प्युटरला खुर्ची दिली, हार घालायचा तेवढा राहिला. आबांना पांढरा सदरा घातला. ढोलकी मांडीपुढं, ती आडवी राहावी म्हणून दोन्हीकडून उशा. बायका कुजबुजत होत्या, एका हातानं कसं वाजवणार म्हणून. बायडाबाई तर मोठ्यानं म्हणाली, "ह्यो टीव्ही कशाला आणलाय गं?"

आबांनी डावा हात टाकला आणि ढोलकी दोन्ही हातांनी वाजली. मागं बसलेली पोरं उठून उभी राहिली, आबांचा दुसरा हात कुठाय बघायला. आईनं सुरुवात केली. कडव्याच्या शेवटाला तिनं 'रमा' म्हणून सूर लांबवला, मुद्दाम नेहमीपेक्षा लांब, मला ठाऊक आहे, ती खट्याळ आहे. आबांनी हात वर धरला. मशीन थांबलं. तिनं आबांकडं बघितलं, आबांनी तिच्याकडं. 'आई रमाई' म्हणून ती आली आणि थाप तिच्या अक्षरावर पडली. मांडवातनं जो आवाज उठला तो तुला पुण्यात ऐकू आला नसेल तरच नवल.

आणि दुसऱ्या कडव्याच्या मधोमध लाईट गेली.

भारनियमन संध्याकाळी होतं म्हणून आम्ही दुपार धरली होती. गेली ती गेलीच. माईक मेला, पंखे थांबले, तुझा कॉम्प्युटर काळा पडला. उजवा हात गेला, दादा. आबांचा डावा तेवढा राहिला, नुसता घुम्, घुम्, घुम्. त्यांनी वाजवणं सोडलं नाही. पण मान खाली गेली. इतक्या लोकांसमोर अर्धी ढोलकी. मार्चमध्ये त्यांना दवाखान्यात नेताना जसं वाटलं होतं तसं वाटलं मला. मी उठले, काय करणार होते मलाच माहीत नाही.

आई गाता गाता चार पावलं चालून आली. आबांच्या उजव्या बाजूला मांडी घालून बसली, त्यांच्या खांद्याला खांदा लावून. आणि ढोलकीच्या शाईवर स्वतःचा हात टाकला. तिनं आयुष्यात ढोलकीला हात लावलेला नाही. उचलून ठेवायलासुद्धा नाही, आबा लावू द्यायचे नाहीत. पहिली थाप अशी पडली की बायका हसल्या. दुसरी जरा बरी. आबा तिच्याकडं बघायला लागले. त्यांनी लय कमी केली, तिच्या हाताला झेपेल एवढी. गाणं तिचंच, थाप तिचीच, घुमारा त्यांचा. दोन माणसं एका ढोलकीवर, दादा. मग हसणं थांबलं आणि बायका टाळ्यांनी ठेका द्यायला लागल्या, त्यासुद्धा जपून, तिचा हात चुकू नये म्हणून.

शेवटच्या कडव्याला लाईट आली. तुझा कॉम्प्युटर टुणकन सुरू झाला. मी त्याच्याकडं धावले, तर आईनं गाता गाताच मान हलवून नको म्हटलं. मी त्याची वायर काढून ठेवली.

तुला वाईट वाटेल का? वाटू देऊ नकोस. तुझ्या त्या तुकड्यांशिवाय दोघं त्या मांडवात बसलेच नसते. घरी आल्यावर आबांनी कॉम्प्युटरवर माझी जुनी ओढणी टाकायला लावली, धूळ बसू नये म्हणून. जवळ कुणाला फिरकू देत नाहीत.

काल शाळेतून आले तर दोघं सोप्यात ढोलकी घेऊन बसलेले. आई उजवी बाजू शिकते आहे. चुकली की आबा म्हणतात, "न्हाय." ती म्हणते, "मग परत दावा की." मग आबा त्यांचा डावा हात तिच्या हातावर ठेवतात आणि तिच्या बोटांनी वाजवून दाखवतात. आज सकाळी तिचा तळहात सुजला होता. पीठ मळवत नाही म्हणाली. तेव्हा भाकरी आता मी थापते. जाड होतात, कडेला फाटतात. दोघं काही न बोलता खातात आणि उठून ढोलकीपाशी जाऊन बसतात.

साक्षी